माठ भरलेलाच होता

"सिस्टर, पाण्याचं बॉक्स किती लिहू?"

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर आम्ही चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बसलो होतो. मे महिन्यातल्या सेवादौऱ्याची यादी चालली होती. तरुण संघाचा सेक्रेटरी वही मांडीवर घेऊन एकेक वस्तू वाचत होता आणि मी मान डोलवत होते. सतरंज्या, टॉर्च, मुलांच्या उन्हाळी वर्गाचे खडू आणि रंगीत कागद, बीपीचं मशीन, दोन रिकामे कॅन. सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्याने पाण्याचं विचारलं आणि माझ्या तोंडून उत्तरच आलं नाही. गेल्या वर्षी हाच प्रश्न आला तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता "बारा" म्हणाले होते. या वेळी "नंतर सांगते" म्हणून उठले, खुर्च्या उगाचच नीट लावत राहिले. त्याने वहीत 'पाणी' लिहून पुढे जागा कोरी सोडली. ती कोरी जागा आठवडाभर माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आम्ही जातो ते गाव चंद्रपूरच्या पुढे, मूल तालुक्याच्या बाजूला. तिथली ख्रिस्ती मंडळी लहान, वीस-बावीस कुटुंबांची. आम्ही पंधरा जण सहा दिवस जातो. मुलांचा वर्ग घेतो, रक्तदाब-साखर तपासतो, पावसाच्या आधी त्यांच्या प्रार्थनामंदिराची कौलं चाळून देतो. कौलांसाठीच मे महिना, नाहीतर त्या दिवसांत तिकडे कोण जाईल? इथून, कोल्हापूरहून, दुपारी महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसायचं, दुसऱ्या दिवशी नागपूरला उतरायचं आणि पुढे दीडशे किलोमीटर चंद्रपूर. अकोला ओलांडलं की खिडकीचा गज हाताला चटका देतो. तोवर प्रत्येकाला कळून चुकतं की आपण पिशवीत काय चुकीचं भरलंय.

कोल्हापूरचा उन्हाळा दिलदार आहे. दुपारी अडतीस अंशांपर्यंत पारा चढला तरी संध्याकाळी रंकाळ्यावर वारं सुटतं, आणि चार दिवस फार उकडलं की ज्योतिबाच्या बाजूने आभाळ काळं होऊन वळीव कोसळतो. पत्र्यावर गारा वाजतात, मातीचा वास येतो आणि रात्री पांघरूण लागतं. त्यामुळे उन्हाळा म्हटलं की आमच्या मनात त्याच्यामागे पाऊस उभाच असतो. तिकडे तसं नाही. बातम्यांत 'ब्रह्मपुरी ४६ अंश' असं वाचलं की कोल्हापूरच्या माणसाला आधी पंचगंगेकाठची आपली ब्रह्मपुरी आठवते, मग लक्षात येतं की ही चंद्रपूर जिल्ह्यातली. आमच्या ब्रह्मपुरीला नदी शेजारी आहे. त्या ब्रह्मपुरीच्या मुलखात मे संपता संपता नवतपा लागतो, नऊ दिवस माणसं दुपारी दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत, आणि रात्री अकरा वाजता भिंतीला पाठ टेकली तरी ती तव्यासारखी असते.

त्या उन्हासाठी काय भरायचं हे मी आता दरवर्षी पोरांना बसवून सांगते. पहिल्या वर्षी सगळी पोरं चकचकीत जर्सी घालून आली होती, आणि दुसऱ्या दिवशी काखेत, मानेवर घामोळं फुटलं. तेव्हापासून गांधीनगरातून पांढऱ्या सुती पंच्यांचा गठ्ठाच आणतो. एक डोक्याला, एक ओला करून मानेवर. बाह्या मनगटापर्यंत, कपडा सैल आणि विटका. नवा कोरा कडक सुती कपडा नको, चार धुण्यांनी मऊ झालेला हवा. तिकडची हवा इतकी कोरडी की घाम आला तो दिसतच नाही, अंगावर येता येता उडून जातो. घाम दिसत नाही म्हणजे घाम येत नाही असं पोरांना वाटतं आणि ती पाणी प्यायची विसरतात. संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाची पांढरी नक्षी उमटते, ती दाखवून मी म्हणते, हे बघा, हे तुमच्या अंगातून गेलं. आमच्या नर्सिंग कॉलेजात एक बाई १९७१ सालची गोष्ट सांगायच्या. बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात साखर-मीठ कालवून लोकांना पाजलं आणि मरणारी माणसं उठून बसली. एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण मी आयुष्यभर वचनासारखं पाठ म्हणत आले. त्याच्या तयार पुड्या नेतोच, पण पुड्या संपल्या तरी चमचा हरवत नाही.

पायांचा प्रश्न निराळा. चप्पल लाईनमधून घेतलेली कापशी चप्पल तिकडच्या दुपारी सगळ्यात बरी, जाड कातड्याचा तळ असतो आणि बोटांना वारा लागतो. पण अंधार पडला की बूट, आणि बूट घालण्याआधी झटकायचे, कारण विंचवालाही गारवा हवा असतो. खाण्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि मार्केट यार्डातली गुळाची एक छोटी ढेप. कांदा-लसूण चटणी पोरं लपवून नेतात, मी बघून न बघितल्यासारखं करते. औषधांच्या डब्याला मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. कॅप्सूल उन्हात एकमेकींना चिकटतात, मलमाचं तेल होतं. आणि आमच्याबरोबर मंडळीतले एक ज्येष्ठ गृहस्थ येतात, त्यांना दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं. त्या गावात वीज दुपारी हमखास जाते. फ्रिजचा भरवसा धरता येत नाही.

ते इन्सुलिनच मला आता झोपू देत नाही.

गेल्या वर्षी आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. ज्यांच्याकडे आमचा उतारा होता त्या मावशी सत्तरीच्या, तिथल्या मंडळीच्या जुन्या सभासद. त्यांनी ओसरीच्या कोपऱ्यात, जिथे दिवसभर ऊन येत नाही, तिथे ओल्या वाळूच्या ओट्यावर माठ मांडून ठेवला होता. लाल, नवा, घामाने डवरलेला. तोंडावर ओलं फडकं, त्यावर पितळी ताटली, ताटलीवर घासून लख्ख केलेला पेला. शेजारून गेलं तरी वाळ्याचा वास येत होता. मी तो माठ पाहिला आणि परिचारिकेच्या नजरेने पहिली गोष्ट काय केली असेल, तर डब्यातलं इन्सुलिन काढून मावशींना विचारलं, एखादं लहान मडकं मिळेल का? त्या लगबगीने आत गेल्या, एक मडकं घेऊन आल्या, त्यात पाणी, पाण्यात वाटी, वाटीत औषध, वरून ओलं फडकं. सहाही दिवस त्या मडक्याचं फडकं त्यांनी स्वतः ओलं ठेवलं. औषधाच्या शिश्या बाहेरच्या रणरणत्या उन्हात विहिरीच्या पायरीसारख्या गार राहिल्या.

आणि आम्ही पंधरा जण आमचे बारा बॉक्स फोडून बाटलीचं पाणी पीत राहिलो.

तो नियम माझाच होता. गाडीत बसतानाच बजावलं होतं, बाहेरच्या पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. त्याआधीच्या एका दौऱ्यात एक मुलगी जुलाबाने इतकी कोमेजली की तिला रात्री जीपमधून चंद्रपूरला न्यावं लागलं होतं. तिचे खोल गेलेले डोळे मी विसरलेले नाही, म्हणून नियम कडक होता आणि पोरांनी तो पाळला. बाटल्यांचं पाणी दुपारी चहाइतकं गरम व्हायचं. पोरं ते कढत पाणी घशाखाली ढकलायची आणि चार पावलांवर माठ गारठून उभा असायचा. पहिल्या दिवशी मावशींनी पेला भरून पुढे केला. मी हसून म्हणाले, "आहे मावशी आमच्याकडे." दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या रात्री उकाड्याने झोप लागेना म्हणून मी ओसरीवर आले, तर चांदण्यात मावशी माठातलं शिळं पाणी उपसून तुळशीला, गाईला घालत होत्या. माठ आतून विसळला, पुन्हा काठोकाठ भरला, फडकं ओलं करून ताणून बांधलं, वर पेला पालथा ठेवला. त्या पाण्यासाठी त्या किती फेऱ्या घालत होत्या ते मी पाहत होते, कारण नळाला पाणी एक दिवसाआड येत होतं आणि हातपंप गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढवताना शेवटचं वळून पाहिलं, तर माठ भरलेलाच होता.

तो माठ मी कोल्हापूरपर्यंत मनात घेऊन आले.

माझी आजी मिशनच्या बंगल्यावर आया होती. कोल्हापुरात मिशन आलं ते १८५२ साली, रॉयल वाइल्डर यांच्याबरोबर. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथेच १८६३ मध्ये जन्मला आणि पुढे अमेरिकेत परतून हजारो विद्यार्थ्यांना परदेशी मिशनकामाला पाठवणारी चळवळ त्याने उभी केली. आजीच्या वेळचे साहेब-मडम हे त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेले. त्यातल्या एका कुटुंबाने जाताना आजीला एक पत्र्याची ट्रंक दिली. ती आमच्या घरी कित्येक वर्षं होती, डांबराच्या गोळ्यांचा वास सुटणारी. लहानपणी मी तिच्यात सापडलेली फ्लॅनेलची लांब पट्टी गळ्यात गुंडाळून खेळायची. आजी सांगायची की मडम ती पट्टी भर उन्हाळ्यात पोटाला बांधायच्या, पोटाला गार लागलं की कॉलरा होतो अशी तेव्हा त्यांच्यात समजूत होती. डोक्याला भेंडाची टोपी, पाठीच्या कण्यावर ऊन लागू नये म्हणून आतून कापसाची पट्टी. किती भीती बांधून आणली असेल त्या माणसांनी त्या ट्रंकांतून! आणि भीती खोटी नव्हती, इथल्या मिशनच्या कबरस्तानांत त्यांची लहान लहान लेकरं पुरलेली आहेत. आजी त्यांच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली होती, "लई मायेची माणसं. पर नाताळाला आपल्या घरी आली का न्हाई, की पाणी तेवढं न्हाई घ्यायची."

हे वाक्य मी दहा-बारा वर्षांची असताना ऐकलं आणि त्याचा अर्थ मला साठी उलटल्यावर लागला.

कारण पाणी न घेणं म्हणजे काय, हे आमच्या घरात शिकवावं लागत नव्हतं. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो महारवाड्यातून. गावच्या विहिरीवर त्यांना चढता येत नव्हतं. कुणाला दया आली तर तो वरून ओंजळीत धार धरायचा. आणि आपल्या घरचं पाणी कुणाला द्यावं असा प्रश्नच नव्हता, कारण घेणारं कुणी नव्हतं. या कोल्हापुरात ती गोष्ट तर पोरासोरांना ठाऊक आहे. गंगाराम कांबळे सरकारी पागेत कामाला होते, हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना झोडपून काढलं. शाहू महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलं, गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला लावला. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल काढलं. पण हॉटेल निघून काय होतं, तिथे चहा पिणार कोण? तेव्हा महाराज फेरफटक्याला निघाले की गाडी त्या दारात उभी करायचे, गंगारामांना चहा आणायला सांगायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या लोकांनाही प्यायला लावायचे. शाळेत ही गोष्ट ऐकताना मला नेहमी महाराजांचा हात दिसायचा, कप उचलणारा. गेल्या वर्षापासून मला गंगारामांचे डोळे दिसतात. तो कप महाराजांच्या ओठांपर्यंत जाईस्तोवर त्यांनी श्वास धरला असेल.

मावशींची मंडळीही आमच्यासारखीच. त्यांच्या पणज्यांनाही कुणीतरी वरूनच पाणी ओतलेलं. मी त्यांच्या दारात जाऊन, प्रभूच्या नावाने, त्यांचा पेला परत केला. माझ्या मनात विटाळ नव्हता, जंतू होते. पण मावशींना माझ्या मनातलं कसं दिसणार? त्यांना पेला दिसला, तो तसाच परत आलेला.

परवा रात्री मी मत्तयाचा दहावा अध्याय काढून बसले. प्रभू बारा शिष्यांना पाठवतो तेव्हा काय काय घेऊ नका याची जी यादी देतो, ती आम्ही दर दौऱ्याआधी वाचतो. कमरपट्ट्यात पैसा नको, झोळी नको, दुसरा अंगरखा नको. मत्तय वहाणा आणि काठीही नको म्हणतो. मार्क मात्र हातात काठी आणि पायांत वहाणा राहू देतो. संडे स्कूलमध्ये मी यावरून बाईंना भंडावून सोडलं होतं, की मग खरं कुणाचं? बाई म्हणाल्या होत्या, दोघांतही झोळी घ्यायची नाही, ते बघ. मी ही यादी आजवर त्यागाची समजत आले. देवावर भार टाकून हलकं निघायचं, असा तिचा अर्थ लावत होते. परवा वाचताना वाटलं, झोळीच नसली तर पहिल्याच गावात कुणाच्या तरी दारात उभं राहून मागावं लागेल. प्रभूला हेच हवं होतं का? लूक तर स्पष्टच सांगतो, ज्या घरात उतराल तिथेच राहा, पुढे ठेवतील ते खा, प्या.

आणि मत्तयाच्या त्याच दहाव्या अध्यायाच्या शेवटच्या ओळीत ते वचन आहे. गार पाण्याच्या पेल्याचं. दर एप्रिलमध्ये आमच्या चर्चच्या फाटकाशी आम्ही पाणपोई घालतो आणि तिच्या फळीवर हेच वचन निळ्या रंगात लिहितो. माझा हात त्या फळीवर दरवर्षी फिरतो. पाणी देणारे आम्ही, तहानलेला कुणी वाटसरू, असंच चित्र मनात पक्कं होतं. पण अध्याय सलग वाचला तर तहानलेला तो शिष्य आहे. झोळीशिवाय निघालेला, उन्हात चालून आलेला, कुणाच्या तरी ओसरीवर टेकलेला. पेला त्याच्यापुढे केलेला आहे आणि देणाऱ्याचं प्रतिफळ बुडणार नाही असं प्रभू सांगतो. तो घेतच नसेल, तर?

यावर माझ्यातली परिचारिका गप्प बसत नाही, आणि बसूही नये. उलटी-जुलाबाने माणूस जातो हे मी वॉर्डात पाहिलं आहे. पाणी गार असणं आणि स्वच्छ असणं या दोन गोष्टी आहेत. माठाच्या मातीला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी झिरपून बाहेर येतं आणि कोरड्या हवेत उडताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जातं, आपल्या कातडीवरच्या घामासारखंच. पण त्याने जंतू मरत नाहीत. मग मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. क्लोरीनचे थेंब किती पाण्याला किती, अर्धा तास थांबायचं, ओगराळ्याने घ्यायचं, हात बुडवायचा नाही. हे सगळं मला येत होतं. आयुष्यभर खेड्यापाड्यांत मी हेच शिकवत फिरले. गेल्या वर्षी थेंबांची एक बाटली नेली असती, मावशींच्या शेजारी बसून त्यांच्या माठात टाकली असती, तर आम्ही प्यायलो असतो आणि त्यांच्या नातवंडांनाही तेच पाणी मिळालं असतं. मला ते सुचलं नाही, कारण टेम्पोत बॉक्सला जागा होती.

काल संध्याकाळी वळीव येऊन गेल्यावर अंगणात खुर्ची टाकली आणि मावशींना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्यांचा आवाज ऐकल्यावर सगळं मागे राहिलं. मी विचारलं, गावात पाणी कुठून येतं सध्या? "नळाचंच हाय जी ताई, आशाताई औषध टाकून जाते कधी कधी." मग त्यांनीच विचारलं, "किती जन येता औंदा?"

"पंधराच, मावशी."

"मंग तो माठ नाही पुरत. रांजन घ्या लागन." पलीकडे त्या कुणाला तरी बाजाराचा दिवस विचारत होत्या. मी म्हणाले, "मावशी, गेल्या वर्षी आम्ही..." आणि पुढे शब्द सापडेनात. त्या माझ्याआधी बोलल्या. आवाज थोडा खाली आला होता.

"ताई, एक इचारू? औंदा वाळा टाकू का नको पान्यात? तुमच्या पोरायले वास नाही चालत वाटते. म्हून नाही पेले ना ते?"

पागोळ्या अजून टपकत होत्या. मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"चालतो, मावशी," मी म्हणाले. "टाका."